बनसोडे सरांची बारा झाडं

बनसोडे सरांना कुणी वेळ विचारली की ते घड्याळ बघून "अकरा वाजून सात मिनिटं" असं सांगत. त्यात विशेष काही नाही. पण तुम्ही त्यांना "साधारण अकरा" असं सांगितलंत, तर ते हातातलं काम थांबवून, चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "साधारण म्हणजे?" आवाजात खोच नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. सांगलीच्या आमच्या कॉलेजातला शिपाई तर सर समोरून येताना दिसले की ज्यात आकडा येईल असं वाक्यच टाळायचा.

ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. मी नवी होते आणि ते निवृत्तीच्या पाच-सहा वर्षं अलीकडे. (सर असते तर इथेही "पाच की सहा?" म्हणाले असते. पाच.) आमची ओळख झाली ती वाफेवर तेल काढायच्या काचेच्या उपकरणामुळे. ते आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलं होतं. एका सोमवारी सर आले आणि दर महिन्याला एक दिवस ते वापरायला मिळेल का, असं विचारलं. मी म्हटलं, घेऊन जा की, कुणाला लागतंय. ते म्हणाले, घेऊन जात नाही, इथंच बसून काम करतो, फुटलं तर तुमच्यासमोर फुटू दे.

मग दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत लिंबाच्या पानांचा वास सुटायला लागला. लिंबू म्हणजे आपलं सरबताचं, कागदी. आदल्या दिवशी, रविवारी, सर पहाटेच्या एसटीने जत तालुक्यातल्या एका बागेत जायचे, बारा ठरलेल्या झाडांची पानं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे, आणि सोमवारी ती वजन करून उपकरणात घालायचे. खालून पाणी उकळतं, वाफ पानांतून वर जाते, तेल घेऊन पुढे थंड होते, आणि एका बारीक नळीत पाण्यावर तेलाचा पिवळसर पट्टा जमायला लागतो. हे व्हायला तीन तास लागत. तेवढा वेळ सर स्टुलावर बसून त्या नळीकडे बघत राहायचे. मला सुरुवातीला ते जरा चक्रमच वाटले, हे कबूल करते.

स्टाफरूममधल्यांना तर आयता विषय मिळाला. सर, सरबत कधी, असं रोज कुणीतरी विचारायचं. सर रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचे की फळाच्या सालीतलं तेल वेगळं आणि पानातलं वेगळं, आणि पानातल्या तेलाचं सरबत होत नाही. आपली थट्टा चालली आहे हे त्यांना कळत नसेल असं नाही. पण कुणी थट्टेत का होईना विचारलंय, तर नीट उत्तर द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं असावं.

त्यांच्या वर्गाचा पहिला तास मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकला. त्यांनी प्रत्येक मुलाच्या हातात लिंबाचं एक पान दिलं आणि खिडकीकडे तोंड करून ते उजेडात धरायला सांगितलं. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसले. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली बाई, जन्मभर लिंबाची पानं बघितलेली, पण ते ठिपके मी तोवर पाहिले नव्हते. सर म्हणाले, ही तेलाची कोठारं. माघात भरलेली असतात तशी श्रावणात असतात का, उन्हाळ्यात त्यांचं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही, तुम्हाला कळलं तर मला सांगा. शिक्षकाने पहिल्याच तासाला "मला माहीत नाही" म्हणावं याचं मुलांना नवल वाटलं, आणि मलाही.

ते मराठी महिन्यांत बोलत आणि इंग्रजी तारखांत लिहीत. लिहायचे पेन्सिलीने, कारण बागेत पाऊस आला तर शाई पसरते. पण खोडरबर जवळ बाळगत नसत. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहीत. त्यांचे वडील कवठे महांकाळजवळच्या खेड्यात वयाच्या तिशीत, रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकले होते. त्यांनी मुलाला पहिली पाटी दिली तेव्हा सांगितलं होतं, चुकलं तरी पुसू नगं, गुरुजींना दिसू दे. सर हे हसत सांगायचे. माझ्या वडलांनी मला शिकवलेलं विज्ञान एवढंच, असंही म्हणायचे.

पहिल्याच वर्षी श्रावणात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. रस्ते बंद, एसटी बंद, सरांच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघाभर पाणी. त्या महिन्याची त्यांची खेप चुकली. पाणी उतरल्यावर भेटले तेव्हा त्यांनी वहीतला तो रकाना मोकळा सोडला होता. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, सर, आषाढ आणि भाद्रपद यांची सरासरी काढून टाका, सगळे तसंच करतात.

सर म्हणाले, "मॅडम, झाड त्या महिन्यात होतं. मी नव्हतो."

तो रकाना शेवटपर्यंत मोकळा राहिला. मी त्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांना सरासरी शिकवताना जरा अडखळायला लागले, हे मात्र खरं.

वर्षभराने सरांनी मला तीन छोट्या कुप्या दिल्या आणि डोळे मिटून वास घ्यायला सांगितलं. पहिलीचा वास मऊ, फुलाच्या जवळ जाणारा. दुसरीचा हिरवा, कच्चा, पाणचट. तिसरीचा पुन्हा पहिल्यासारखाच. पहिली माघातली, दुसरी भाद्रपदातली, आणि तिसरी वैशाखातली. सरांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. पावसाळ्यात पान नुसतं पाणी पितं आणि तेल उतरतं, हे अपेक्षितच होतं. पण जतसारख्या रखरखीत मुलखात, जिथे वैशाखात माणसांना टँकरचं पाणी, तिथे लिंबाच्या पानातलं तेल कमी होत नाही, वासही टिकतो, हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःही "टिकतो म्हणजे?" असं विचारलं असतं.

हा आनंद त्यांच्यापुरता नव्हता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सुतार नावाच्या एका तरुणाचा तेल काढायचा छोटा कारखाना होता. तो गवती चहाचं तेल काढायचा, आणि उन्हाळ्यात त्याच्या भट्ट्या रिकाम्या असायच्या. लिंबाच्या बागेत दरवर्षी आतल्या सरळसोट वाढलेल्या फांद्या छाटून बांधावर टाकतात, त्यांचा पाला त्याला हवा होता. सरांचे वैशाखातले आकडे बघून तो जत आणि कवठे महांकाळच्या शेतकऱ्यांशी बोलायला लागला होता. सरांचाही पीएच. डी.चा प्रबंध याच आकड्यांवर उभा होता. इतकी वर्षं शिकवून डॉक्टरेट राहून गेली, याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. पण प्रबंधाच्या मुखपृष्ठावर नाव कसं छापायचं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. दोन वर्षांची मोजणी संपत आली होती. राहिली होती वैशाखातली एक खेप, आणि त्या खेपेला मीही त्यांच्याबरोबर गेले.

बाग शिवगोंडा आप्पांची. आप्पा सत्तरीचे, घरात कानडी, आमच्याशी मराठी. सर एसटीतून उतरले आणि माझ्या देखत त्यांची भाषा बदलली. कॉलेजात "आपण असं म्हणू शकतो" म्हणणारे सर "आवं आप्पा, कसं काय हाय?" म्हणत बांध चढून गेले. बागेतली बाकीची झाडं मरगळून उभी होती, पानं गळलेली, उरलेली आत वळलेली. सरांची बारा झाडं बुंध्यावर लाल पट्टे मारलेली, आणि ती मात्र टवटवीत. मला वाटलं, सरांनी निवडलीच चांगली असतील. सर तोडणीच्या दिवशी कुणाच्या अंगाला अत्तर, साबण, तंबाखू कशाचाही वास चालवून घेत नसत. मलाही त्यांनी हात साध्या पाण्याने धुवायला लावले होते. त्यांनी प्रत्येक झाडाची चारी बाजूंनी, छातीच्या उंचीवरची पानं तोडली, फडक्यात गुंडाळली, वहीत लिहिलं. मग आम्ही पडवीत चहाला बसलो.

आप्पांची सून गौरा चहा घेऊन आली आणि सहज, हसत बोलून गेली. "सर, तुमच्या झाडांनी दोन उन्हाळं आमची न्हाणी कोरडी ठिवली बघा. टँकर आला की मामंजी पयल्या घागरी तिकडं पळवत्यात."

आप्पा लाजले, पण मनातून खूश होते. म्हणाले, "माणूस सांगलीपास्नं एवढ्या लांब येतंय. त्येच्याच झाडांनी मान टाकल्याली बरी दिसतीय व्हय? म्या आपलं रातचं दोन-दोन घागरी घालतो. वर पाचोळा पसरतो, ऊन लागू नये म्हनून."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता ते "दोन-दोन म्हणजे?" असं विचारतील. सर चहा पूर्ण प्यायले, कप खाली ठेवला, गौराला हात जोडले आणि म्हणाले, तुमच्या न्हाणीचं पाणी आमच्यासाठी गेलं, लय उपकार झाले. आप्पांच्या पाया पडले. तो माणूस त्या क्षणी आतून किती कोसळला असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त घाबरले होते.

परतताना एसटी कवठे महांकाळच्या स्टँडवर थांबली. तेव्हा सर म्हणाले की पहिल्या दिवशी त्यांनी आप्पांना विचारलं होतं, सगळ्या झाडांना पाणी सारखंच ना? आप्पा सारखंच म्हणाले होते आणि तेव्हा ते खरंही होतं. "मी एकदाच विचारलं. अख्ख्या कॉलेजला 'म्हणजे?' विचारत फिरलो, आणि आप्पांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला काय तेच तेच विचारायचं, असं वाटलं."

आता माझी गोष्ट. मी त्यांना म्हणाले, सर, हे आपल्या तिघाचौघांशिवाय कुणाला माहीत आहे? प्रबंध दिवाळीला द्यायचाय. आकडे तुम्ही खोटे लिहिलेले नाहीत, जे नळीत दिसलं तेच लिहिलंय. मला ते अगदी योग्य वाटत होतं. सरांवरच्या मायेपोटीच मी बोलत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सुतार माझ्या शब्दावर वैशाखात पाला तोडायला सांगणार आहे. ज्यांच्या झाडांना घागर मिळत नाही, त्या झाडांवरचा उरलासुरला पाला. मग त्या झाडांचं काय होईल?" मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजला यायच्या आधी कुपवाडला गेले. सुतारने नंतर मला सांगितलं. सर भट्टीपाशी उभ्या उभ्या म्हणाले होते, "माझी उन्हाळ्याची पानं उन्हाळ्याची नव्हती. तू थांब." सुतारला आधी काही कळलंच नाही. कळल्यावर तो चिडला, कारण शेतकऱ्यांशी त्याचं बोलणं झालं होतं. सरांनी ते ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गावोगाव जाऊन त्या शेतकऱ्यांना स्वतः सांगून आले की आकडा माझा चुकलाय, या पोराचा नाही.

वहीतल्या दोन्ही उन्हाळ्यांवर त्यांनी आडव्या रेघा मारल्या. खालचे आकडे स्पष्ट वाचता येत होते.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. आप्पांना सांगायचं होतं. ज्येष्ठात सर गेले आणि न सांगताच परत आले. आषाढातही तेच झालं. पावसात काय, सगळ्यांनाच पाणी मिळतं, असं मला म्हणाले. पण खरं कारण ते नव्हतं. शेवटी दिवाळीनंतर ते गेले तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. त्यांनी बागेच्या पलीकडच्या टोकाची नवी बारा झाडं निवडली, त्यांना पांढरे पट्टे मारले, आणि आप्पांना म्हणाले, ही माझी, आणि यांना बाकीच्या झाडांसारखंच वागवा, कमी न्हाई, जास्त न्हाई. आप्पा अडाणी नव्हते. ते लाल पट्ट्यांकडे बघत राहिले, मग पांढऱ्यांकडे.

"म्हंजी म्या घाण केली व्हय?"

"न्हाई आप्पा. तुमी झाडाला पाणी घातलंसा. इचारायचं मी इसरलो."

आप्पा बांधावर खाली बसले. सर त्यांच्याशेजारी बसले. मला वाटतं अर्धा तास तरी दोघं तसेच बसले असतील, आणि तो अर्धा तास मी मोजलेला नाही.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि या वेळी सरांनी तीन वर्षांची ठरवली. दरम्यान विद्यापीठातली त्यांची पीएच. डी.ची मुदत संपली. वाढवून मिळाली असती, पण अर्जात कारण काय लिहिणार, आणि खरं कारण लिहिलं तर कुणीतरी आप्पांकडे बोट दाखवणार. त्यांनी अर्जच केला नाही. निवृत्तीच्या निरोपसमारंभात पाहुण्यांनी सरांचा उल्लेख "डॉक्टर बनसोडे" असा केला. सर भाषणाला उभे राहिले ते हेच सांगायला की मी डॉक्टर नाही, कृपया इतिवृत्तात दुरुस्ती करावी. लोक हसले. मला रडू आलं आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.

नव्या झाडांच्या पहिल्या वैशाखात तेल आलं ते नळीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं, आणि त्याचा वास राकट, नाकात शिरणारा. दुसऱ्या वैशाखातही तेच. सुतारने त्यावरून ठरवलं की पाला घ्यायचा तो माघातल्या छाटणीचा, आणि उन्हाळ्यात भट्ट्या बंद ठेवायच्या. आज त्या भागातले बागायतदार माघातला पाला बांधावर टाकत नाहीत. हे कुणी सुरू केलं, ते त्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल.

सर आता नाहीत. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच गेले. पण त्याआधी तिसरा वैशाख राहिला होता. त्यासाठी ते साताऱ्याहून आदल्या दिवशी सांगलीला आले, रविवारी पहाटे आम्ही दोघं जतला गेलो. तेव्हाच मी त्यांना शेवटचं पाहिलं.

उन्हाळा कडक होता. पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडांवर पानं शोधावी लागत होती. आप्पा जवळ आलेच नाहीत, लांब बांधावर पाठ करून बसले होते. तीन उन्हाळे रोज संध्याकाळी त्यांनी त्या झाडांजवळून भरली घागर घेऊन जायचं आणि थांबायचं नाही, हे पाळलं होतं. हे गौराने मला सांगितलं. म्हणाली, मामंजी जाताना या झाडांकडं बघतच न्हाईत.

सरांनी शेवटच्या झाडाची पानं तोडली, फडकं बांधून माझ्या हातात दिलं, वहीत लिहिलं आणि वही मिटली. मग आप्पांजवळ गेले. "आप्पा, संपलं. आता घाला पाणी."

आप्पांनी मान वळवली नाही. "तुमीच घाला, सर. तीन वरसं तुमीच तहानलेली ठिवलीसा."

टँकरचं पाणी पडवीजवळच्या पिंपात भरलेलं होतं. सरांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घागर भरून खांद्यावर घेतली. मी पुढे झाले, त्यांनी नको म्हटलं. आप्पाही मग उठून आले, त्यांनाही नको म्हटलं. ऊन डोक्यावर होतं, वय झालेलं होतं. बाराच्या बारा झाडांना पाणी घालून होईस्तोवर सरांनी दुसऱ्या कुणाला घागरीला हात लावू दिला नाही.